भरवसा कोणाच्या जिवावर? टिळक, लक्ष्मीबाई आणि पंडिता रमाबाई यांच्या श्रद्धेचे एक वाचन

१८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. तेव्हा ते रेव्हरंड नव्हते. कवी म्हणून नाव होऊ लागले होते, नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी धर्मग्रंथांचे काम केले होते, आणि स्वतःच एखादा नवा धर्म काढावा असे विचार त्यांच्या डोक्यात घोळत होते. आगगाडीच्या डब्यात त्यांची एका गोऱ्या प्रवाशाशी गाठ पडली. बोलणे कवितेवर सुरू झाले आणि धर्मावर आले. उतरताना त्या गृहस्थाने टिळकांच्या हातात नव्या कराराची प्रत ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

तो प्रवासी म्हणजे फ्री मेथॉडिस्ट मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड, असे टिळकांवर लिहिणाऱ्यांनी पुढे सांगितले आहे. वॉर्ड आणि त्यांच्या पत्नी फीबी १८८१ च्या सुरुवातीला भारतात आले ते ठरावीक पगाराची हमी न घेता, देव चालवील त्या वाटेने चालायचे असे ठरवून. ज्या मिशनशी त्यांचे नाव जोडले गेले, त्याचे आमचे यवतमाळ हे पुढे महत्त्वाचे ठाणे बनले. उमरीचे ख्रिस्ती रुग्णालय याच परंपरेतले. १९५३ साली यवतमाळातच युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली आणि १९८३ मध्ये पुण्याला जाईपर्यंत भारतभरचे विद्यार्थी इथे येऊन देवावर भिस्त ठेवणे म्हणजे काय, याचा पोथीवार अभ्यास करीत राहिले. मराठी ख्रिस्ती साहित्याच्या चर्चेत नगर, नाशिक, पुणे, मुंबई येतात. यवतमाळ येत नाही. पण एका गाडीच्या डब्यापुरता का होईना, त्या कथेचा एक धागा आमच्या वऱ्हाडाकडून गेलेला आहे, आणि तो धागा धरूनच मी या विषयाकडे आलो.

विषय जुना आहे. माणसाने स्वतःच्या मर्जीने चालावे की देवावर भरवसा टाकून चालावे? ख्रिस्ती प्रवचनात याचे उत्तर ठरलेले असते. मनमानी सोडा, देवाच्या हाती स्वतःला द्या. या उत्तराशी माझे भांडण नाही. माझी अडचण वेगळी आहे. मराठी ख्रिस्ती साहित्यातील काही ग्रंथ गेली कित्येक वर्षे पुन्हापुन्हा वाचताना मला असे दिसले, की देवावरचा भरवसा आणि माणसाचा हट्ट बाहेरून अगदी सारखेच दिसतात. दोन्ही हिशेब मानत नाहीत. दोन्ही लोकांचे ऐकत नाहीत. दोघांच्याही तोंडी देवाचे नाव असू शकते. मग वाचकाने त्यांतला फरक ओळखायचा कसा? प्रस्तुत लेखात मी याचे एक उत्तर मांडणार आहे. ते मला धर्मशास्त्राच्या ग्रंथात सापडले नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये सापडले.

शब्दांची झडती

आधी शब्द पाहू. मराठीत या एकाच गोष्टीला आपल्याकडे तीन-चार शब्द आहेत. ‘श्रद्धा’ हा पोथीतला शब्द. ‘विश्वास’ हा मराठी बायबलने पत्करलेला आणि चर्चमध्ये रुळलेला. ‘भरवसा’ हा व्यवहारातला, उधारीच्या दुकानातला शब्द. तुझ्या भरवशावर माल देतो, असे दुकानदार म्हणतो. आणि चौथा ‘भाव’. हा वारकऱ्यांचा लाडका शब्द नीतिसूत्रांच्या मराठी भाषांतरातही परमेश्वराच्या संदर्भात आला आहे. आमच्या जिल्ह्यात मात्र ‘भाव’ म्हटले की पहिल्यांदा कापसाचा दर आठवतो. यात हसण्यासारखे काही नाही. भाव कोणताही असो, तो कोणाला तरी चुकवावा लागतो. भाषेने ही आठवण आपल्यासाठी जपून ठेवली आहे.

माझे वडील कोरडवाहू शेतकरी होते. ते धूळपेरणी करीत. मृगाचा पाऊस पडण्याआधीच कोरड्या मातीत सरकी टोबायची आणि आभाळाकडे पाहत बसायचे. पाऊस वेळेवर आला तर पीक शेजाऱ्यांच्या आठ-पंधरा दिवस पुढे असते. आला नाही, किंवा एक सर येऊन पंधरा दिवस उघाड पडली, तर बी मातीत मरते आणि दुबार पेरणी करावी लागते. वडील म्हणत, “पाऊस देवाचा, पेरणी आपली.” गावात सगळे त्यांना श्रद्धावान समजत. एका वर्षी दुबार पेरणीसाठी आईची पोत सावकाराकडे गेली. ती परत आली नाही. आई त्याबद्दल कधी बोलली नाही. फक्त पुढच्या वर्षी वडील पुन्हा कोरड्यात टोबायला निघाले तेव्हा ती म्हणाली, “या खेपेला माझ्याजवळ काही नाही, एवढं ध्यानात ठेवा.” वडिलांची ती श्रद्धा होती की हट्ट, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. पण त्याची किंमत कोणी मोजली हे सांगता येते.

दोन डोंगर

ख्रिस्ती परंपरेत देवाच्या इच्छेपुढे स्वतःची इच्छा ठेवण्याची सर्वांत मोठी दोन उदाहरणे दिली जातात. एक उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायातले, अब्राहामाचे. देवाने मुलगा मागितला आणि अब्राहाम इसहाकाला घेऊन मोरियाच्या डोंगराकडे निघाला. दुसरे येशूचे, जैतुनांच्या डोंगराच्या पायथ्याशी गेथशेमाने बागेतले. पकडले जाण्याच्या आदल्या काही घटकांचे.

ही दोन उदाहरणे एकाच ओळीत सांगायची सवय प्रवचनकारांना आहे. नीट वाचले तर ती एकसारखी नाहीत. गेथशेमानेत येशू आपली इच्छा लपवत नाही. हे दुःख टळावे अशी आपली इच्छा आहे, हे तो आधी स्पष्ट बोलतो. मग ती बाजूला ठेवतो. आणि जे अर्पण होणार आहे ते त्याचे स्वतःचे शरीर आहे. मोरियाच्या वाटेवर अब्राहाम काहीच बोलत नाही. इसहाक विचारतो, लाकूड आहे, विस्तव आहे, कोकरू कुठे? त्याला पुरते उत्तर मिळत नाही. आणि इसहाकाची आई सारा? त्या अध्यायात तिचे नावही नाही. तिला कोणी विचारल्याचा उल्लेख नाही. पुढचा, म्हणजे तेविसावा अध्याय साराच्या मृत्यूने सुरू होतो. जुन्या यहुदी भाष्यकारांनी हे दोन अध्याय एकमेकांना जोडले आणि मोरियाची बातमी ऐकूनच सारा गेली, अशी कथा सांगितली. मूळ पाठात तसे नाही. पण त्या भाष्यकारांना जे टोचले ते खरे होते. देवानेच मुलाचा बळी थांबवला, ही त्या कथेतली सुटका आहे. ती अब्राहामाची हुशारी नव्हे.

यातून मला एक मोजमाप मिळाले. भरवसा टाकणारा माणूस स्वतःला पणाला लावतो की शेजारच्याला? आणि शेजारच्याला लावत असेल तर त्याला विचारतो का? या मापाने आता टिळकांच्या घरात जाऊ.

‘स्मृतिचित्रे’तले टिळक

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. लग्न अकराव्या वर्षी. माहेरी वडिलांच्या सोवळ्याचा जाच, सासरी सासऱ्यांचा धाक, आणि नवरा असा की केव्हा घर सोडून कुठे जाईल याचा नेम नाही. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. समोर गरजू दिसला की देऊन मोकळे. कविता, वाद, दानधर्म आणि भटकंती यांत ते रमत. घरात उद्याचे पीठ आहे की नाही हा प्रश्न लक्ष्मीबाईंचा. ‘स्मृतिचित्रे’चे भाग १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले आणि १९३६ साली लक्ष्मीबाई वारल्या तेव्हा लेखन अपुरेच होते. त्या पुस्तकाच्या विनोदाचे कौतुक सगळेच करतात. त्या विनोदाचे काम काय, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

माझ्या मते तो विनोद ही हिशेबवही आहे. टिळक देवावर हवाला टाकून मोकळे होतात, आणि लक्ष्मीबाई पुढच्याच वाक्यात त्या मोकळेपणाचा खर्च मांडतात. तक्रार म्हणून नव्हे. जे झाले ते असे झाले, एवढेच. नवऱ्याची थोरवी त्या कमी करीत नाहीत. उलट टिळकांचे मन किती मोठे होते हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणी दाखवलेले नाही. पण त्या मोठ्या मनाला स्वयंपाकघराचे दार लावून देतात. चरित्रकार दिवाणखान्यात बसून लिहितो. लक्ष्मीबाई चुलीजवळ बसून लिहितात. म्हणून मी ‘स्मृतिचित्रे’ला टिळकांच्या श्रद्धेची आपल्या भाषेतली सर्वोत्तम समीक्षा मानतो.

आता टिळकांच्या आयुष्यातले दोन मोठे निर्णय पाहा. पहिला १८९५ चा बाप्तिस्मा. टिळकांच्या बाजूने तो शुद्ध भरवशाचा निर्णय होता. जात गेली, नातेवाईक गेले, समाजातले स्थान गेले. पण लक्ष्मीबाईंपर्यंत हा निर्णय बातमी म्हणून पोहोचला. नवरा जिवंत असून नसल्यासारखा; पदरात लहान दत्तू; आधार माहेरच्या नातलगांचा. चार-पाच वर्षे ती ताटातूट चालली. टिळकांनी स्वतःला पणाला लावले हे खरे, पण त्याच डावात बायको-मुलालाही लावले. हा मोरियाचा डोंगर झाला.

दुसरा निर्णय १९१७ चा. अमेरिकन मराठी मिशनचा पगार सोडून टिळक ख्रिस्ती संन्यासी झाले आणि साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. परदेशी पैशाच्या आधारावर उभे असलेले चर्च हिंदी मनाला आपले वाटणार नाही, ख्रिस्ताकडे जाण्याची आपली वाट तुकोबांवरून आली आहे, ही त्यांची भूमिका होती. मराठी ख्रिस्ती इतिहासात या पावलाला फार मान आहे, आणि तो रास्त आहे. तरी हिशेब उरतोच. संन्यास टिळकांनी घेतला. पगार दोघांचा बंद झाला.

अभ्यासक टिळकांच्या समर्पणाचे दाखले देतात ते हेच दोन: १८९५ आणि १९१७. मला वाटते, खरा दाखला या दोहोंच्या मध्ये आहे आणि तो दुर्लक्षित राहिला आहे.

मधली वर्षे

ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई अहमदनगरला टिळकांकडे आल्या, त्या हिंदू म्हणून. त्यांचे सोवळे-ओवळे चालू, पाणी वेगळे, चूल वेगळी. ख्रिस्ती प्रचारकाच्या घरात त्याची बायको त्याच्या हातचे पाणी पीत नाही, ही त्या काळच्या मिशनमध्ये केवढी अवघड गोष्ट असेल, याची कल्पना करावी. टिळकांचा स्वभाव तापट. वादात भल्याभल्यांना हरवणारा माणूस. शिवाय त्या काळी नवऱ्याने हुकूम सोडला असता तर कोणी आश्चर्य मानले नसते. त्यांनी तो सोडला नाही. लक्ष्मीबाईंना त्यांच्या रीतीने राहू दिले. त्यांच्या सोवळ्याची सोयही केली.

लक्ष्मीबाईंचे मन बदलले ते प्रवचनाने नाही. जात कोणी केली, देवाने की माणसाने, हा प्रश्न त्यांचा त्यांनाच पडला. रात्रभर विचार करून त्या स्वतःच एका निर्णयावर आल्या आणि कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागल्या. आधी जात गेली, मग धर्म बदलला. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. ‘स्मृतिचित्रे’त हा भाग वाचताना जाणवते, की ही बाई कोणाच्या मागून आलेली नाही. ती स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या वेळेला आली आहे.

माझे म्हणणे असे: टिळकांनी आपली मनमानी खरोखर सोडली ती या वर्षांत. १८९५ मध्ये त्यांनी जात सोडली, १९१७ मध्ये पगार सोडला. या मधल्या वर्षांत त्यांनी दुसऱ्याच्या मनावरचा हक्क सोडला. पहिल्या दोन गोष्टी हट्टी माणूसही करू शकतो. तिसरी करू शकत नाही. बायकोचे मन देव बघून घेईल, आपण ओढाताण करायची नाही, हा भरवसा आगगाडीतल्या भाकितापेक्षा आणि संन्यासाच्या वस्त्रापेक्षा अवघड आहे. त्याची बातमी ‘ज्ञानोदया’त छापून येत नाही. तो फक्त घरातल्या माणसाला दिसतो, आणि घरातल्या माणसानेच तो लिहून ठेवला म्हणून आपल्याला कळला.

इथे इंग्रजी अनुवादाचा एक मुद्दा नोंदवतो. १९५० साली जोसेफीन इंकस्टर यांनी केलेला ‘स्मृतिचित्रे’चा अनुवाद ‘आय फॉलो आफ्टर’ या नावाने प्रसिद्ध झाला. नाव पौलाच्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राची आठवण देणारे आहे आणि हेतू चांगलाच असणार. पण त्या नावाने पुस्तकाचा अर्थ फिरतो. वाचकाला वाटते, पुढे चाललेला नवरा आणि मागे चाललेली बायको यांची ही कथा. मूळ नावात मागेपुढे काही नाही. आठवणीतली चित्रे, एवढेच आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या मागे चालल्या असत्या तर हे पुस्तक टिळकांचे चरित्र झाले असते. त्या बाजूने चालल्या, कधी समोर उभ्या राहून अडल्या, म्हणून ते टिळकांच्या श्रद्धेची परीक्षा झाले. याचा पुरावा ‘ख्रिस्तायना’त आहे. टिळकांनी येशूच्या जीवनावरचे हे महाकाव्य हाती घेतले आणि सुरुवातीचे काही अध्याय लिहून ९ मे १९१९ रोजी ते वारले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यात साठावर अध्यायांची भर घातली. मागे चालणाऱ्याचे हे काम नव्हे.

रमाबाई आणि हट्टाचा आरोप

हेच माप उलट बाजूने लावून पाहण्यासाठी पंडिता रमाबाईंकडे वळावे लागते. टिळकांच्या बाबतीत प्रश्न असा होता, की भरवसा म्हणून जे दिसते त्यात हट्ट किती? रमाबाईंच्या बाबतीत तो उलटा आहे. हट्ट म्हणून ज्याला हिणवले गेले, त्यात भरवसा किती?

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. तेथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता. पुढे रमाबाई चेल्टनमच्या महिला महाविद्यालयात गेल्या आणि दोघींत पत्रव्यवहार वाढत गेला. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ए. बी. शाह यांच्या संपादनाखाली ही पत्रे प्रसिद्ध केली. मराठी माणसाने श्रद्धेवर विचार करायचा तर हा ग्रंथ टाळता येत नाही.

वादाचे विषय अनेक होते. त्रैक्याचा सिद्धांत रमाबाईंना पटत नव्हता. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावर भारतातल्या बिशपांचे मत घेतले गेले आणि ते प्रतिकूल आले. लहान मनोरमेला काय शिकवावे, हा तर रमाबाईंच्या काळजाचा विषय. प्रत्येक ठिकाणी जेराल्डिनबाईंचा रोख एकच: तू गर्विष्ठ आहेस, हट्टी आहेस, वडीलधाऱ्यांची आज्ञा पाळायला शीक, म्हणजे देवाची आज्ञा पाळायला शिकशील. त्यावर रमाबाईंचे म्हणणे थोडक्यात असे, की एका पुरोहितशाहीचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे. आता दुसऱ्या पुरोहितशाहीला देवाची आज्ञा समजून मान देणार नाही. देवाने मला सदसद्विवेक दिला आहे आणि त्याच्यापुढे मला स्वतःच उभे राहायचे आहे.

आता या दोघींत मनमानी कोणाची? जेराल्डिनबाई दुष्ट नव्हत्या. रमाबाईंवर त्यांची माया होती. पण ‘देवाची इच्छा’ आणि ‘मठाची इच्छा’ यांच्यामधली रेघ त्यांना दिसेनाशी झाली होती. स्वेच्छा सोड, असा उपदेश जो करतो तो बहुधा दुसऱ्याला करतो, आणि सोडलेली इच्छा उपदेशकाच्याच पदरात पडते. श्रद्धेच्या इतिहासातला हा सर्वांत जुना धोका. रमाबाईंनी तो वेळीच ओळखला. त्या देवाला शरण गेल्या. देवाच्या वतीने बोलणाऱ्यांना गेल्या नाहीत. आणि ही शरणागती त्यांनाही एकदम साधली नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळायला पुढे आठ वर्षे लागली, अशा आशयाचे त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत लिहिले आहे.

तो भरवसा पुढे कसा वागला ते पाहावे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. आपल्याजवळ तेवढा पैसा नाही हे त्यांना ठाऊक होते. देव पुरवील, या विश्वासावर त्यांनी केडगावच्या माळावर मुक्तिसदन उभे केले. पण त्या हात जोडून बसल्या नाहीत. विहिरी खणल्या, शेती केली, कोठारे भरली, छापखाना घातला, मुलींना हातची कामे शिकवली. बायबलचे भाषांतर करायचे म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. भाषांतर त्यांच्या मागे पूर्ण छापून निघाले. इथे धूळपेरणी करणाऱ्या बाईने विहीरही खणून ठेवली होती. दैववादी माणूस आणि भरवशाचा माणूस यांत एवढाच फरक असतो, पण तो फार मोठा असतो.

तरी न्याय सर्वांना सारखा हवा. रमाबाईंनाही हे माप लावले पाहिजे. १८९३ मध्ये शारदा सदनावरून पुण्यात वादळ उठले. संस्था धर्मनिरपेक्ष राहील असे ठरले होते, आणि मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या होत्या. रानडे-भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळ सोडले. रमाबाईंचे उत्तर असे, की मी माझ्या खोलीत प्रार्थना करते, दार लावत नाही. येणाऱ्याला मी बोलावले नाही, आणि हाकलणारही नाही. उत्तर सच्चे आहे. पण ज्या विधवेला जगात दुसरे घर नाही, तिच्यासाठी अन्नदात्रीच्या खोलीचे उघडे दार हे निव्वळ उघडे दार असते का? टिळकांनी लक्ष्मीबाईंची चूल वेगळी राहू दिली होती. शारदा सदनातल्या मुलीला तेवढी वेगळी जागा मनातल्या मनात तरी होती का? मुलींपैकी कोणी ‘स्मृतिचित्रे’ लिहिले असते तर हा प्रश्न सुटला असता. म्हणून रमाबाईंच्या बाबतीत माझा निकाल अर्धाच राहतो. जेराल्डिनबाईंसमोर त्या पूर्ण उतरतात. मुलींच्या बाजूने साक्षीदार पुरेसे नाहीत.

एक आक्षेप

यावर जाणकार वाचक आक्षेप घेतील. टिळकांनी प्रत्येक पाऊल टाकण्याआधी घरात विचारले असते, तर ते पाऊल पडलेच नसते. बाप्तिस्मा झाला नसता, लक्ष्मीबाई लिहायला लागल्या नसत्या, ‘स्मृतिचित्रे’ही मराठीला मिळाले नसते. भरवशाला थोडा बेहिशेबीपणा लागतोच. सगळ्यांची संमती घेऊन कोणी मोरियाला जात नाही.

हा आक्षेप मी मानतो. देवावर भरवसा टाकणाऱ्याने घरच्यांची लेखी परवानगी आणावी, असे मी म्हणत नाही. म्हणणे एवढेच, की पुढे चांगले निष्पन्न झाले म्हणून मागचा खर्च पुसला जात नाही. ‘स्मृतिचित्रे’ थोर आहे, म्हणून जलालपूरच्या त्या बाईची चार-पाच वर्षे स्वस्त होत नाहीत. लक्ष्मीबाईंनी स्वतः हे जाणले होते. त्यांनी टिळकांना क्षमा केली, पण वही फाडली नाही. श्रद्धेच्या साहित्यात क्षमा पुष्कळ सापडते. क्षमा करूनही वही जपणारे लेखन दुर्मीळ. आणि भरवशाच्या माणसाची दुसरी खूण इथेच मिळते. हट्टी माणसाला ती वही सोसत नाही. टिळकांच्या घरातून मात्र तीच वही बाहेर आली: मुलगा देवदत्त यांनीच ती छापून लोकांसमोर ठेवली.

शेवटी थोडे घरचे

हा लेख तटस्थपणे लिहिला असे मला म्हणता येणार नाही. माझे शिक्षण बेताचे. ‘स्मृतिचित्रे’ची पहिली प्रत मला यवतमाळात रद्दीच्या दुकानात मिळाली, पाने सुटलेली, मालकिणीचे नाव खोडलेले. चाळिशीत नोकरी सोडून मी या वाचनालेखनाच्या मागे लागलो, तेव्हा ‘होईल काहीतरी, वरचा बघून घेईल’ असे मी घरात म्हणालो होतो. वरच्याने बघितले ते माझ्या पत्नीच्या पगारातून. ती शाळेत शिकवते. माझी ग्रंथालयांची वारी, झेरॉक्सचा खर्च, गाडीभाडे, हे सारे त्या पगारातून निघाले आणि दोन मुलांची शिक्षणेही. लोक मला ध्येयवेडा म्हणतात. मी तो शब्द आनंदाने घेत आलो.

हा लेख पुरा झाल्यावर मी तिला वाचायला दिला. तिने शांतपणे शेवटपर्यंत वाचला आणि विचारले, “मग तुमचं काय? तुम्ही मला विचारलं होतं का?”

मी विचारले नव्हते. सांगितले होते. तेव्हा दोन्ही एकच वाटत होते.

ती म्हणाली, “हेही लिहा.” म्हणून लिहिले.